वृक्षाकार कॅशेमधील नोड आणि माहिती : जेबॉस कॅशे ३ वापरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेबॉस कॅशे ही जावा भाषेत लिहिलेली, माहिती मेमरीत झाडाच्या आकारात ठेवणारी आणि हवी असल्यास अनेक सर्व्हरवर तिच्या प्रती राखणारी कॅशे आहे. तिच्या पहिल्या पिढीत सगळा कारभार ‘ट्रीकॅशे’ नावाच्या एकाच क्लासकडे होता. २००७ साली आलेल्या २.० आवृत्तीत ‘कॅशे’ आणि ‘नोड’ असे दोन स्वतंत्र इंटरफेस झाले आणि २००८ च्या ३.० आवृत्तीत लॉकिंगची, म्हणजे एकाच माहितीवर एकाच वेळी होणारी कामे आवरण्याची, पद्धत मुळापासून बदलली. या दोन आवृत्त्यांची नावे मिरच्यांवरून आहेत, हबानेरो आणि नागा, आणि त्यांच्यासोबत काम केलेल्यांना ती यथार्थ वाटतात. इन्फिनिस्पॅन हे तिचे उत्तराधिकारी सॉफ्टवेअर आल्यानंतर नवे प्रकल्प तिकडे वळले, पण जुन्या प्रणाली अजून चालू आहेत आणि त्यांची देखभाल कोणाला तरी करावीच लागते. पुढील उत्तरे ३ मालिकेला आणि तिच्या ‘एमव्हीसीसी’ (माहितीच्या अनेक आवृत्त्या ठेवून वाचणाऱ्यांना न अडवणाऱ्या) लॉकिंगला धरून आहेत. उदाहरणांसाठी राज्य, जिल्हा, तालुका, गाव ही सर्वांच्या परिचयाची उतरंड घेतली आहे. ‘कॅश’ हा खरा उच्चार लिहिला की रोकड आठवते म्हणून येथे ‘कॅशे’, आणि ‘की’ हे उभयान्वयी अव्यय मध्ये येते म्हणून येथे ‘किल्ली’ असे लिहिले आहे.

नोडमध्ये नेमके काय असते?

प्रत्येक नोडला एक पूर्ण मार्ग असतो, एक पालक असतो, शून्य किंवा अधिक मुले असतात आणि स्वतःचा एक मॅप असतो, ज्यात किल्ली-मूल्य अशा जोड्या राहतात. मूळ नोड, म्हणजे ‘/’, कायम अस्तित्वात असतो. तो तयार करावा लागत नाही. फाइल आणि फोल्डर यांच्याशी तुलना करणारे एक गोष्ट विसरतात : येथे माहिती फक्त टोकाच्या पानांत नसते. ‘/महाराष्ट्र/सातारा’ या नोडला वाई, कराड, फलटण ही मुले असू शकतात आणि त्याच नोडच्या मॅपमध्ये जिल्ह्याची स्वतःची माहितीही असू शकते.

एवढ्यासाठी झाड कशाला? साधा हॅशमॅप पुरला नसता का?

अनेकदा पुरतो, आणि पुरत असेल तर तोच वापरावा. झाडाची गरज दोन ठिकाणी लागते. पहिली नावांच्या बाबतीत : खेड तालुका पुणे जिल्ह्यातही आहे आणि रत्नागिरीतही, मालेगाव नाशिकमध्येही आहे आणि वाशिममध्येही. सपाट मॅपमध्ये ‘पुणे-खेड’ अशा जोडकिल्ल्या बनवत बसावे लागते. झाडात मार्गच ओळख पटवतो. दुसरी गरज एकगठ्ठा कामांची : एका जिल्ह्याखालचे सगळे एका आज्ञेत काढून टाकता येते, एखाद्या फांदीला इव्हिक्शनचे, म्हणजे न लागणारी माहिती मेमरीतून काढण्याचे, वेगळे धोरण लावता येते.

एफक्यूएन कसा तयार करावा? दोन पद्धतींत फरक काय?

एफक्यूएन म्हणजे नोडचा पूर्ण मार्ग. तो ‘फ्रॉमस्ट्रिंग’ पद्धतीने तिरप्या रेषांनी जोडलेल्या अक्षरमालेतून बनतो, किंवा ‘फ्रॉमएलिमेंट्स’ पद्धतीने एकेक घटक स्वतंत्रपणे देऊन बनतो. या पानावरचे अर्धे प्रश्न या फरकातूनच जन्माला येतात, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य ठरेल.

‘फ्रॉमस्ट्रिंग’ मिळालेली अक्षरमाला प्रत्येक तिरप्या रेषेवर तोडते आणि प्रत्येक तुकडा अक्षरमाला म्हणूनच ठेवते. ‘फ्रॉमएलिमेंट्स’मध्ये मात्र घटक कोणताही ऑब्जेक्ट असू शकतो, पूर्णांकसुद्धा. दोन मार्गांची तुलना घटकागणिक होते. त्यामुळे अक्षरमाला असलेला ‘२७’ आणि पूर्णांक असलेला २७ हे कॅशेच्या दृष्टीने दोन वेगळे नोड आहेत. छापल्यावर मात्र दोन्ही ‘/२७’ असेच दिसतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ आणि साताऱ्याचा ५२७ आहे. असे संकेतांक मार्गात वापरणाऱ्या एका प्रणालीवर मी काम करत होतो. माहिती भरणारा भाग डेटाबेसमधून आलेला पूर्णांक जसाच्या तसा देत होता आणि वाचणारा भाग वेब पत्त्यातून आलेली अक्षरमाला देत होता. लॉगमध्ये ‘/२७/५२७ लिहिला’ आणि ‘/२७/५२७ सापडला नाही’ या दोन ओळी एकाखाली एक दिसत होत्या. त्या दोन ओळींकडे बघत आम्ही संपूर्ण दुपार क्लस्टरच्या (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरच्या) नेटवर्कला दोष दिला. शेवटी एका सहकाऱ्याने प्रत्येक घटकाचा क्लास छापून पाहिला आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. तेव्हापासून माझा नियम असा : मार्गातील सर्व घटक अक्षरमालाच ठेवाव्यात, आणि मार्ग बनवण्याचे काम संपूर्ण प्रकल्पात एकाच छोट्या सहायक क्लासकडे असावे.

दुसरा सापळा तिरप्या रेषेचा आहे. जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कोणालाही ‘४५/२’ असा गट आणि हिश्शाचा क्रमांक रोज भेटतो. तो ‘फ्रॉमस्ट्रिंग’च्या हाती दिला की गट ४५ नावाचा नोड तयार होतो आणि त्याच्या पोटात ‘२’ नावाचा दुसरा. चूक कोठेही दाखवली जात नाही. झाड एक पायरी खोल जाते इतकेच, आणि गावाच्या मुलांची यादी मागितली की हिस्सा त्यात नसतो. वापरकर्त्याकडून आलेला मजकूर मार्गात जात असेल तर ‘फ्रॉमएलिमेंट्स’शिवाय दुसरा पर्याय विचारात घेऊ नये.

माहिती लिहिण्यापूर्वी नोड तयार करावा लागतो का?

नाही. ‘कॅशे’वरील ‘पुट’ला मार्ग, किल्ली आणि मूल्य दिले की तो नोड आणि वाटेतले सगळे पूर्वज नसतील तर तयार होतात. ‘ॲडचाइल्ड’चेही तसेच आहे. वाचताना मात्र उलट : नसलेल्या नोडमधून ‘गेट’ केले तर नोड तयार होत नाही, ‘नल’ मिळते. नोड नाही आणि नोड आहे पण किल्ली नाही, या दोन्हींसाठी उत्तर एकच असल्याने, फरक महत्त्वाचा असेल तेथे आधी ‘गेटनोड’ने खात्री करावी.

नोडचा संदर्भ हातात धरून काम करावे, की दरवेळी कॅशेला पूर्ण मार्ग द्यावा?

एकाच नोडवर लागोपाठ चार-पाच कामे असतील तर नोड हातात घेणे वाचायला सोपे जाते. त्याच्यावर ‘पुट’, ‘गेट’, ‘पुटइफॲब्सेंट’, ‘रिप्लेस’, ‘क्लिअरडेटा’ या सर्व पद्धती आहेत, आणि ‘गेटचाइल्ड’ला सापेक्ष मार्ग देता येतो. परंतु हा संदर्भ क्लासच्या फील्डमध्ये साठवून ठेवू नये. दरम्यान दुसऱ्या थ्रेडने किंवा दुसऱ्या सर्व्हरने तो नोड काढला तर हातातला संदर्भ अवैध ठरतो आणि पुढच्या वापराला अपवाद (एक्सेप्शन) फेकला जातो. ‘इझव्हॅलिड’ने तपासता येते, पण तपासणे आणि वापरणे यांच्या मधल्या क्षणीही नोड जाऊ शकतो. मार्ग साठवावा, नोड साठवू नये.

मी मूल्य बदलले, माझ्या सर्व्हरवर बदल दिसतो, पण दुसऱ्या सर्व्हरवर जुनेच मूल्य का?

बहुतेक वेळा असे झालेले असते : आपण कॅशेमधून एखादा ऑब्जेक्ट, समजा गावांच्या नावांची यादी, काढली, त्या यादीत एक नाव वाढवले आणि थांबलो. कॅशेला यातले काहीही कळलेले नसते. तिला बदल कळतो तो फक्त ‘पुट’सारख्या पद्धतीतून, ऑब्जेक्टच्या पोटात काय चालले आहे यावर तिची नजर नसते. मेमरीत त्या ऑब्जेक्टचा संदर्भच ठेवलेला असल्याने आपल्या सर्व्हरवर नवे नाव लगेच दिसते, आणि म्हणूनच विकासकाच्या संगणकावर, जेथे एकच सर्व्हर चालू असतो, ही चूक कधीच सापडत नाही.

रेप्लिकेशन, म्हणजे बदल इतर सर्व्हरवर पोहोचणे, न होणे हा यातला सौम्य भाग आहे. लिहिताना एमव्हीसीसी नोडची प्रत काढते आणि काम पक्के होईपर्यंत इतर वाचकांना जुनी प्रत दाखवते; मात्र ही प्रत मॅपची असते, मॅपमधल्या मूल्यांची नव्हे. ट्रान्झॅक्शनच्या (सगळी पक्की किंवा सगळी रद्द होणाऱ्या कामांच्या गटाच्या) आत यादी जागच्या जागी बदलली तर बाकीच्या थ्रेडना तो बदल ट्रान्झॅक्शन पक्के होण्याआधीच दिसतो, आणि ते रद्द केले तरी यादी पूर्ववत होत नाही. यावर उपाय जुनाच आहे : मूल्ये अपरिवर्तनीय ठेवावीत, बदल करायचा तर नवा ऑब्जेक्ट बनवून पुन्हा ‘पुट’ करावा. ऑब्जेक्टच्या फील्डपर्यंतचे बदल आपोआप टिपणारी ‘पोजो कॅशे’ याच प्रकल्पाचा भाग होती, पण तिच्यासाठी क्लासच्या बाइटकोडमध्ये फेरफार करावे लागतात. केवळ ‘पुट’ लिहिण्याचा कंटाळा म्हणून तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

‘गेटडेटा’ने मिळालेल्या मॅपमध्ये लिहिताना अपवाद येतो. का?

तो मॅप फक्त वाचण्यासाठी असतो. ‘गेटचिल्ड्रन’च्या संचाचेही तसेच. लिहिण्यासाठी नोडवर ‘पुट’ किंवा ‘पुटऑल’ वापरावे.

एका नोडमध्ये किती जोड्या ठेवाव्यात? माझ्या एका नोडमध्ये हजारो आहेत.

आकडा सांगण्यापेक्षा कारण सांगतो, म्हणजे आकडा आपला आपल्याला ठरवता येईल. या कॅशेत लॉक लागतो तो नोडला, जोडीला नव्हे. एका नोडमध्ये जिल्ह्यातल्या सर्व गावांच्या जोड्या कोंबल्या तर वाईजवळच्या गावाची नोंद बदलणारा थ्रेड कराडजवळच्या गावाची नोंद बदलणाऱ्याला अडवून ठेवतो, वास्तविक दोघांचा एकमेकांशी संबंध नसतानाही. वाचक अडत नाहीत, ही एमव्हीसीसीची कृपा; लिहिणारे मात्र रांगेत उभे राहतात. शिवाय लिहिताना नोडची प्रत निघते, म्हणजे एक जोडी बदलण्यासाठी संपूर्ण मॅपची उचलाउचल होते.

इव्हिक्शनचा हिशेबही नोडवरच चालतो. ‘एलआरयू’ पद्धतीत बराच काळ न वापरलेले नोड बाहेर काढले जातात, पण हजारो जोड्यांच्या नोडमध्ये कोणती ना कोणती जोडी सतत वापरात असते. त्यामुळे तो नोड कायम ताजा ठरतो आणि त्यातल्या मृत जोड्या मेमरी अडवून बसतात. जेवढी माहिती एकत्र वाचली जाते, एकत्र बदलते आणि एकत्र शिळी होते, तेवढीच एका नोडमध्ये ठेवावी. आमच्या उदाहरणात ते एक गाव आहे. अर्थात उलट टोकही बरे नाही : गावाच्या प्रत्येक फील्डला स्वतंत्र नोड दिला तर प्रत्येक नोडची स्वतःची मेमरी लागते आणि एक गाव वाचायला दहा फेऱ्या होतात.

‘रिमूव्हनोड’, ‘क्लिअरडेटा’ आणि ‘इव्हिक्ट’ यांत फरक काय?

‘रिमूव्हनोड’ नोड आणि त्याखालची सगळी फांदी काढते; रेप्लिकेशन चालू असेल तर सर्व सर्व्हरवरून काढते आणि कॅशे लोडर (माहिती कायमस्वरूपी साठ्यात ठेवणारा भाग) जोडलेला असेल तर त्याच्या साठ्यातूनही पुसते. ‘क्लिअरडेटा’ फक्त त्या नोडचा मॅप रिकामा करते. नोड आणि त्याची मुले जागेवर राहतात. ‘इव्हिक्ट’ ही केवळ मेमरी मोकळी करण्याची आज्ञा आहे : ती याच सर्व्हरपुरती असते, इतरांना कळवली जात नाही आणि कायमस्वरूपी साठ्यातले काही पुसत नाही.

ज्या नोडला मुले आहेत तो ‘इव्हिक्ट’ केला तर नोड जात नाही, त्याची माहिती तेवढी जाते, कारण नोड काढला तर मुलांना पालक उरणार नाही. फांदीसकट हवे असेल तर दुसरा घटक ‘ट्रू’ द्यावा. केवळ रचनेसाठी असलेले जिल्हा-तालुक्याचे नोड इव्हिक्शनच्या मोजणीत येऊ नयेत असे वाटत असेल तर त्यांच्यावर ‘सेटरेसिडेंट’ लावावे. आणि लोडर नसताना, केवळ मेमरीत असलेली माहिती ‘इव्हिक्ट’ केली तर ती या सर्व्हरपुरती गेलीच. परत आणायला मागे काहीच नसते.

फांदी एका पालकाखालून दुसऱ्याखाली कशी हलवावी?

‘मूव्ह’ने. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा व विक्रमगड हे आठ तालुके तिकडे गेले. झाडाच्या भाषेत हे आठ ‘मूव्ह’ आहेत, आणि प्रत्येकाबरोबर त्याखालची सगळी गावे आपोआप जातात.

येथे दुसरा घटक नीट वाचावा. तो नवा पालक आहे, नवा पूर्ण मार्ग नव्हे. वसई हलवताना पहिला घटक ‘/महाराष्ट्र/ठाणे/वसई’ आणि दुसरा केवळ ‘/महाराष्ट्र/पालघर’. जर दुसऱ्यात ‘/महाराष्ट्र/पालघर/वसई’ लिहिले, तर वसईखाली आणखी एक वसई तयार होते, कारण ३.० पासून लक्ष्य नोड नसेल तर तो गुपचूप निर्माण केला जातो. डोळ्यांनी तपासणेही फसवे आहे : ‘/महाराष्ट्र/पालघर/पालघर’ हा मार्ग पूर्णपणे बरोबर आहे, जिल्ह्याच्या पोटात त्याच नावाचा तालुका, ‘/महाराष्ट्र/पालघर/वसई/वसई’ ही मात्र चूक. त्याचप्रमाणे मूळ नोडच्या नावात एखादी वेलांटी चुकली तर अपवाद येत नाही, काहीच घडत नाही. म्हणून ‘मूव्ह’नंतर नव्या जागी ‘गेटचिल्ड्रननेम्स’ वाचून मोजणी जुळवावी. मोठ्या फांदीवर हे काम महागही आहे, कारण फांदीतल्या प्रत्येक नोडला लॉक लागतो. वर्दळीच्या वेळी करू नये.

नोडचे नाव बदलता येते का?

येत नाही. मार्गाचा शेवटचा घटक ‘मूव्ह’मध्येही तसाच राहतो. नवा नोड करून माहिती आणि मुले त्याखाली न्यावी लागतात आणि जुना नोड काढावा लागतो. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले तेव्हा ज्यांनी मार्गात नाव वापरले होते त्यांना हे सगळे करावे लागले असते. ज्यांनी संकेतांक वापरला त्यांना ‘नाव’ या किल्लीचे एक मूल्य बदलून भागते. लोकांना दाखवायची नावे मॅपमध्ये ठेवावीत, मार्गात नव्हे. मार्गात संकेतांक ठेवताना ते अक्षरमाला म्हणून ठेवावेत, हे वर आलेच आहे.

आठ तालुके हलवताना पाचव्यानंतर काही बिघडले तर?

ट्रान्झॅक्शन नसेल तर प्रत्येक आज्ञा स्वतंत्र असते. पाच हलवलेले राहतात आणि तीन मागे राहतात. ट्रान्झॅक्शन मॅनेजर जोडलेला असेल तर सगळे एका ट्रान्झॅक्शनमध्ये घ्यावे. तो नसेल तर ३.० पासून बॅचची सोय आहे : कॉन्फिगरेशनमध्ये बॅचिंग चालू करावे, ‘स्टार्टबॅच’ने सुरुवात करावी आणि ‘एंडबॅच’ला ‘ट्रू’ दिले तर सगळे पक्के, ‘फॉल्स’ दिले तर सगळे रद्द. इतर सर्व्हरकडेही बदल एकत्रच जातात, ही वरकमाई. ‘एंडबॅच’ अपवादाच्या वाटेवरही चालेल अशा ठिकाणी लिहावे. अर्धवट उघडी राहिलेली बॅच आपले लॉक धरून बसते.

दोन थ्रेड एकच आकडा वाढवतात आणि एक वाढ हरवते. लॉक असताना असे कसे होते?

वाचताना लॉक लागत नाही म्हणून. दोघांनी दहा वाचले, दोघांनी अकरा लिहिले. ‘रिपीटेबल रीड’ या विलगीकरणाच्या पातळीवर ‘राइट स्क्यू’ची, म्हणजे वाचल्यानंतर मूल्य दुसऱ्याने बदलले का याची, तपासणी चालू केली तर दुसऱ्याला अपवाद मिळतो आणि त्याने पुन्हा प्रयत्न करावा, ती मुळात बंद असते. किंवा वाचण्याच्या आज्ञेआधी त्या कॉलसाठी ‘फोर्सराइटलॉक’ हा पर्याय लावावा, म्हणजे वाचतानाच लिहिण्याचा लॉक घेतला जातो. हा पर्याय फक्त पुढच्या एका आज्ञेपुरता असतो, दर वेळी नव्याने लावावा लागतो, आणि त्याचा उपयोग ट्रान्झॅक्शन किंवा बॅचच्या आतच होतो. बाहेर तो लॉक आज्ञा संपताच सुटतो.

संबंध नसलेल्या दोन नोडवर लिहिताना लॉकची मुदत संपल्याचा अपवाद का येतो?

प्रत्येक नोडला स्वतंत्र लॉक देण्याऐवजी ठरावीक संख्येचे लॉक सर्व नोडमध्ये वाटले जातात. याला लॉक स्ट्रायपिंग म्हणतात आणि ते मुळात चालू असते. त्यामुळे वाई आणि वसई यांच्या वाट्याला योगायोगाने एकच लॉक येऊ शकतो. एका ट्रान्झॅक्शनमध्ये बरेच नोड बदलणाऱ्या प्रणालीत स्ट्रायपिंग बंद करून पाहावे. मेमरी थोडी अधिक लागेल.

‘पुटफॉरएक्स्टर्नलरीड’ने लिहिले, पण मूल्य दिसत नाही.

डेटाबेसमधून वाचलेली माहिती, जमल्यास, कॅशेत टाकण्यासाठी ही पद्धत आहे. नोड आधीपासून असेल तर ती काहीच करत नाही, मग हवी ती किल्ली त्यात असो वा नसो. लॉक लगेच मिळाला नाही तर ती निमूटपणे सोडून देते, आणि चालू ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काम करते. खऱ्या बदलासाठी साधे ‘पुट’ वापरावे.

माझा लिसनर (बदलाची सूचना घेणारा क्लास) प्रत्येक बदलाला दोनदा का चालतो?

एकदा बदलापूर्वी आणि एकदा बदलानंतर सूचना येते. ‘इझप्री’ तपासून एक सोडून द्यावी. क्लस्टरमध्ये दुसऱ्या सर्व्हरवरून आलेल्या बदलांच्याही सूचना येतात. त्या ‘इझओरिजिनलोकल’ने ओळखता येतात. लिसनर सहसा बदल करणाऱ्या थ्रेडवरच चालतो, म्हणून त्यात ईमेल पाठवणे, डेटाबेसला हाक मारणे असली संथ कामे करू नयेत. तेवढा वेळ लॉक अडकून राहतो.

इन्फिनिस्पॅनकडे जाताना हे झाड सोबत नेता येते का?

इन्फिनिस्पॅन २००९ मध्ये जाहीर झाले आणि जेबॉस कॅशेचा वारसा सांगत त्याच्या आवृत्त्यांची मोजणी ४ पासून सुरू झाली. त्याचा गाभा मात्र सपाट, किल्ली-मूल्य जोड्यांचा आहे; झाड हवे असणाऱ्यांसाठी त्यावर ‘ट्रीकॅशे’ नावाचा एक थर दिला गेला, ज्यात नोड आणि एफक्यूएन ओळखीचे वाटतात. स्थलांतर सोपे करण्यासाठी तो थर चांगला होता. पण आपला कार्यक्रम जर मुलांची यादी क्वचितच मागत असेल, फांदी कधी हलवत नसेल आणि बहुतेक वेळा पूर्ण मार्ग देऊन एकच नोड वाचत असेल, तर मार्ग हीच सपाट किल्ली समजून थेट गाभ्यावर जावे. हे ठरवण्यासाठी कोडमध्ये ‘गेटचिल्ड्रन’, ‘मूव्ह’ आणि फांदीसकट ‘रिमूव्हनोड’ किती ठिकाणी आहेत ते शोधून पाहावे. मी पाहिलेल्या एका मोठ्या प्रणालीत ते सगळे मिळून फक्त तीन ठिकाणी निघाले, आणि त्यांपैकी दोन चाचण्यांमध्ये होते.